सुरांची कोठारे कोणाच्या मालकीची?

आपल्या चळवळीत शास्त्रीय संगीताचा विषय निघाला की दोन प्रकारचे मौन पाळले जाते. एक मौन संकोचाचे असते : ‘आपल्याला त्यातले काही कळत नाही.’ दुसरे तुच्छतेचे असते : ‘राजेरजवाड्यांच्या दरबारांत पोसलेली ही कला, तिचा कष्टकऱ्यांशी संबंध काय?’ राष्ट्र सेवा दलाच्या आणि लाल बावट्याच्या कलापथकांनी पोवाडे, लोकनाट्ये व समूहगीते घेऊन महाराष्ट्र पालथा घातला, याचा रास्त अभिमान आपण बाळगतो. परंतु ख्यालगायनाचा प्रांत मात्र आपण एकही लढाई न देता सुखवस्तू वर्गाच्या हवाली करून टाकला. परिणामी आज अशी स्थिती आहे की, जनतेच्या पैशाने जमविलेला या संगीताचा सर्वात मोठा ध्वनिसंग्रह आकाशवाणीच्या कपाटांत पडून आहे, तो घरोघर नेण्याचे पॉडकास्ट नावाचे अत्यंत स्वस्त साधन हाताशी आहे, आणि तरीही या दोन गोष्टींची सांगड घाला असे सरकारला ठणकावून सांगणारा आवाज पुरोगामी गोटातून उठत नाही. ही मागणी का केली पाहिजे आणि तिच्या आड कोण येते, हे मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम ‘दरबारी कला’ या आक्षेपाचा समाचार घेऊ. दरबाराने या कलेला बिदागी दिली हे खरे. पण ती निर्माण कोणी केली? उत्तरेतून आलेल्या पिढीजात मुसलमान गवयांनी, सारंगिये आणि तबलजी म्हणून पंक्तीत खाली बसविल्या गेलेल्या साथीदारांनी, आणि ज्यांना समाजाने गाण्यासाठी बोलावले पण सोयरिकीसाठी दूर ठेवले त्या कलावंतिणींच्या घराण्यांतील स्त्रियांनी. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या मातीतून वर आल्या त्या कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर घोटून केलेल्या मेहनतीने. धारवाड-हुबळीकडच्या गंगूबाई हनगल यांना जातीवरून झालेले अपमान त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहेत. इतकेच कशाला, ज्या तंबोऱ्याच्या सुरावर ही सगळी इमारत उभी राहते त्याचा भोपळा पंढरपूरच्या परिसरातला शेतकरी पिकवितो आणि तो कोरून, तारा चढवून, जवारी काढून त्याला बोलका करतात मिरजेचे कारागीर, ज्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या कलेच्या मुळाशी एवढ्या हातांचे श्रम आहेत ती श्रमिकांची नव्हे, असे म्हणणारा कार्यकर्ता जमीनदाराच्या ताब्यात आहे म्हणून जमीनच परकी मानणाऱ्यासारखा आहे. आपण जमिनीच्या बाबतीत असे कधी म्हटले नाही.

शिवाय हे संगीत बहुजनांच्या कानांवर कधी पडलेच नाही, हेही खरे नाही. १९११ चे ‘मानापमान’ आणि १९१६ चे ‘स्वयंवर’ या नाटकांच्या पदांमधून गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी यमन, बिहाग, भीमपलास अशा हातांनी पेरले की पिटातल्या प्रेक्षकाला रागाचे नाव ठाऊक नसतानाही त्याची चाल तोंडपाठ झाली. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मैफली होतात. तेथे दर्शनाला आलेला कोणीही बसून ऐकतो. कान तयार होण्यासाठी कुलशील लागत नाही, पुन्हा पुन्हा ऐकण्याची संधी लागते. ही संधी कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, एवढाच काय तो वर्गभेद आहे.

नभोवाणीने ही संधी दिली, पण अर्ध्या हाताने. १९५२ पासून आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम शनिवारी रात्री साडेनऊला लागे. दीड तास एकाच कलावंताचे गायन-वादन, तेही साऱ्या देशाला एकाच वेळी ऐकविणे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण गिरणगावातला दुसऱ्या पाळीचा कामगार त्या वेळी साच्यावर उभा असे. त्याची पाळी सुटायला मध्यरात्र व्हायची. जो चुकला तो चुकला. कार्यक्रम हवेत विरून जाई, आणि रागाचे व तालाचे नाव यापलीकडे निवेदक फारसे काही सांगत नसे. ज्याला आधीच कळत होते त्याला अधिक मिळाले. ज्याला कळत नव्हते तो बटण फिरवून सिलोनकडे वळला.

पॉडकास्ट हे साधन नेमके या दोन उणिवांवरचे उत्तर आहे. म्हणून ते काय आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. ध्वनिमुद्रित कार्यक्रमाची एक फाइल कोठेतरी ठेवलेली असते आणि तिचा पत्ता एका यादीत लिहिलेला असतो. ती यादी कोणतेही ॲप वाचू शकते, आणि नवा भाग आला की तो श्रोत्याच्या फोनवर आपोआप येऊन पडतो. (या यादीच्या पद्धतीचे इंग्रजी आद्याक्षरी नाव आरएसएस असे आहे, वाचकांनी दचकू नये, नागपूरशी तिचा संबंध नाही.) २००४ च्या सुमारास हा प्रकार नावारूपाला आला. एकदा फाइल उतरली की इंटरनेट नसतानाही ती ऐकता येते, थांबवता येते, तीच तान दहा वेळा ऐकता येते. बेताच्या दर्जाने साठविलेले तासाभराचे ध्वनिमुद्रण तीस मेगाबाइटच्या आत बसते. तेवढाच चित्रफितीचा कार्यक्रम पाहायचा तर त्याच्या कित्येक पट डेटा खर्ची पडतो. रात्रपाळीचा पहारेकरी, इस्पितळातली परिचारिका, डब्याच्या पोळ्या लाटणारी बाई, लोकलमध्ये दोन तास उभा राहणारा कारकून यांचे डोळे आणि हात कामात अडकलेले असतात; कान मोकळे असतात. आणि राजकीयदृष्ट्या सर्वात महत्त्वाची गोष्ट ही की, मूळ पॉडकास्टला मालकाचा दरवाजा नाही. २०२४ मध्ये गूगलने आपले पॉडकास्टचे ॲप बंद केले, तरी ज्यांची यादी खुली होती त्यांचे कार्यक्रम दुसऱ्या ॲपवर चालूच राहिले. एखाद्या कंपनीच्या अंगणात कार्यक्रम ठेवला असता तर अंगणाबरोबर तोही गेला असता. सार्वजनिक रस्ता आणि टोलनाका यांतला हा फरक आहे, आणि स्पॉटिफायसारख्या कंपन्या ठरावीक कार्यक्रम केवळ आपल्याच ॲपवर बांधून ठेवून त्या रस्त्यावर नाके उभारण्याचे उद्योग २०१९ पासून करीत आल्या आहेत.

आता कोणी विचारील की, नवख्याला आणि मुरलेल्या श्रोत्याला एकाच कार्यक्रमात काय देणार? एकाला बाराखडी हवी, दुसऱ्याला व्याकरण. हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो, म्हणून एक उदाहरण तपशिलाने देतो. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोघांचे स्वर पाचच, आणि तेच : सा रे ग प ध. पेटीवर पट्ट्या दाखविल्या तर दोहोंत तसूभर फरक दिसणार नाही. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देशकार सकाळचा. भूपात गंधारावर सारा भार, देशकारात धैवतावर. घरातली माणसे तीच असावीत, पण कर्ता बदलला की घराचे वळण बदलावे, तसा हा प्रकार आहे. पाच मिनिटांत हे सांगून, लगेच किशोरी आमोणकरांच्या भूपातला एक तुकडा आणि पाठोपाठ एखाद्या जुन्या गवयाच्या देशकाराचा एक तुकडा लावला, की ज्याने उभ्या आयुष्यात राग हा शब्द गाण्यासाठी वापरला नसेल त्यालाही काहीतरी बदलले हे ऐकू येते. एकदा ते ऐकू आले की तो माणूस संगीताच्या आत आला; आता त्याला कोणी बाहेर काढू शकत नाही. आणि जुन्या जाणत्याला? त्याच भागाच्या उत्तरार्धात त्याला ऐकवा, की देशकार गाणारा भूपाच्या उंबऱ्यापाशी कोठे येतो आणि पाऊल मागे कसे घेतो, रिषभ किती ओझरता लावतो, वेगवेगळ्या घराण्यांचे गायक ही सीमारेषा कोठे कोठे आखतात. तीन कलावंतांची तीन मुद्रणे शेजारी शेजारी ठेवण्याची सोय मैफलीत नाही, नभोवाणीवर नव्हती, येथे आहे. जाणता श्रोताही तीस वर्षे ऐकून जे गृहीत धरत आला ते पुन्हा तपासतो. नवखा आणि जाणता यांना एकाच बाकावर बसविण्याची ही सोय कोणत्याही संगीत विद्यालयाला जमलेली नाही.

आणि हे विवेचन मराठीत झाले पाहिजे, यावर मी अडून बसेन. ते इंग्रजीत असेल तर एक भिंत पाडून दुसरी बांधल्यासारखे होईल. केशवराव भोळे, वामनराव देशपांडे, अशोक रानडे यांनी संगीतावर बोलण्यासाठी समर्थ मराठी घडविली आहे. रानडे यांनी तर प्रयोग दाखवीत विवेचन करण्याचा पायंडाच पाडला. कोणत्या शब्दांत सांगायचे, ही अडचण आपल्याला नाही.

या प्रयत्नाला पहिला विरोध होईल तो संस्कृतिरक्षकांचा. ‘सोपे करून सांगितले की कला उथळ होते, ज्याची साधना नाही त्याच्या कानांवर ती घालणे म्हणजे तिचा अपमान,’ हे पालुपद नवे नाही. भातखंड्यांनी गावोगाव फिरून घराण्यांच्या पेटाऱ्यांतल्या चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीत छापून चार-आठ आण्यांच्या शाळकऱ्यापुढे ठेवल्या, तेव्हा स्वरलिपीने गाणे मरते असे म्हटले गेले. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला लोकवर्गणीतून विद्यालय काढून सर्वांना शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा शाळेत गवई घडत नाहीत असे ऐकविण्यात आले. गवई शाळेत घडत नसतील. श्रोते निश्चित घडले. विद्या चोरीला जाईल या भयाने ध्वनिमुद्रणापासून दूर राहिलेल्यांचे नुकसान तर सर्वस्वी आपले झाले आहे. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या युगप्रवर्तकाचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. केसरबाईंनीही मोजकीच मुद्रणे दिली. त्यांतली भैरवी १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत गेली आणि २०१२ मध्ये त्यांतले एक यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्याही बाहेर पडले. परग्रहावरच्या कोणी ऐकावे म्हणून आपण एवढी तजवीज केली, आणि सांगोल्याच्या शेतमजुराच्या मुलीने तीच केसरबाई कोठे ऐकावी याचे उत्तर आपल्याजवळ नाही.

याउलट सक्तीने अभिरुची लादण्याचा मार्गही आपला नव्हे. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर मानाचे पान त्यांनी दिले, शेकडो कलावंतांना त्यामुळे नियमित कार्यक्रम मिळाले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चित्रपटगीतांना हद्दपार केले की जनता आपोआप ख्याल ऐकू लागेल, ही त्यांची समजूत भाबडी होती. जनता रेडिओ सिलोन ऐकू लागली, आणि १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारला माघार घ्यावी लागली. त्याआधी, नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना, खासगी जीवनाचा बोभाटा होतो या सबबीवर कित्येक गायिकांना केंद्रांची दारे बंद करण्यात आली होती. ज्यांनी कला जपली त्यांनाच सोवळ्याच्या नावाखाली बाहेर ठेवायचे आणि श्रोत्याला मात्र संस्कारांचा काढा पाजायचा, हे ब्राह्मणी धोरण होते. आजच्या पॉडकास्टमध्ये त्या गायिकांची नावे आणि त्यांच्यावरील अन्याय दोन्ही सांगितले गेले पाहिजेत. अन्यथा आपण जुन्याच सोवळ्याला नवे यंत्र जोडू.

दुसरा विरोध येईल बाजाराकडून, आणि तो अधिक चिवट असेल. विलायतेतले उदाहरण बोलके आहे. २००५ च्या जून महिन्यात बीबीसीने बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी, स्वतःच्याच वाद्यवृंदाने वाजविलेल्या, लोकांना विनामूल्य डाउनलोड करण्यासाठी खुल्या केल्या. सुमारे १४ लाख डाउनलोड झाले. अभिजात संगीत कोणाला हवे आहे, असे विचारणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर कोणते? परंतु तबकड्यांच्या कंपन्यांनी ओरड सुरू केली की, सार्वजनिक संस्था फुकट वाटू लागली तर आमचा धंदा बुडेल. २००७ मध्ये बीबीसी ट्रस्टने नव्या सेवांना संमती देताना शास्त्रीय संगीताला या डाउनलोडच्या सोयीतून वगळले. ज्याला मरून पावणेदोनशे वर्षे झाली अशा संगीतकाराची रचना, जनतेच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या वादकांनी वाजविलेली. तरीही ती जनतेला देता येणार नाही, कारण व्यापाऱ्याला तोटा होईल! भांडवलशाहीत मागणी तसा पुरवठा होतो, असे पाठ्यपुस्तकांत सांगतात. येथे मागणी १४ लाखांची होती आणि पुरवठा बंद करण्यात आला.

आपल्याकडे बंदी घालण्याचीही गरज भासलेली नाही. अनास्थेने ते काम परस्पर केले आहे. आकाशवाणीच्या संग्रहात गेल्या शतकातल्या बहुतेक मोठ्या कलावंतांची मुद्रणे आहेत. त्यांतल्या काही सीडीच्या रूपाने विकल्या गेल्या, काही यूट्यूबवर ठेवल्या गेल्या. २६ जानेवारी २०१६ पासून ‘रागम्’ ही शास्त्रीय संगीताची अहोरात्र वाहिनी सुरू झाली, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु वाहिनी ही अखेर वाहून जाणारी गोष्ट. ज्या घटकेला जे लागेल ते ऐका. हव्या त्या कलावंताचा हवा तो राग, विवेचनासह, कायमचा हाती लागावा अशी व्यवस्था तेथे नाही. रेडिओ बाळगण्यासाठी पोस्टात जाऊन परवाना शुल्क भरलेली पिढी अद्याप हयात आहे. त्या शुल्कातून आणि पुढे करांतून हा संग्रह उभा राहिला. १९९० च्या प्रसारभारती कायद्याने नभोवाणीला स्वायत्तता देऊ केली ती लोकसेवेसाठी. गोदाम राखण्यासाठी नव्हे.

कायद्याची अडचण सांगितली जाईल. ती आपण तपासून पाहू. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षांनी त्यावरचा हक्क संपतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९९२ मध्ये, रवींद्रनाथांच्या वाङ्मयाचे हक्क संपत आल्याच्या निमित्ताने कायदा बदलला आणि त्याच झपाट्यात तबकड्यांच्या कंपन्यांनाही आणखी दहा वर्षे बहाल झाली. तरीसुद्धा, १९३७ मध्ये निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या आज सर्वांच्या आहेत. त्यांवर मराठी पॉडकास्ट करायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. आकाशवाणीच्या अप्रसिद्ध मुद्रणांचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे, कलावंतांचे हक्क तेथे येतात. पण दुसऱ्या बाजूला मालक कंपनी नसून सार्वजनिक संस्था आहे, म्हणजे तडजोड राजकीय इच्छाशक्तीच्या आवाक्यात आहे.

या ओघात खासगी संग्राहकांविषयीही बोलले पाहिजे, कारण त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. कित्येक रसिकांच्या कपाटांत मैफलींच्या स्पूल आणि कॅसेटी आहेत. काहींनी त्या इंटरनेटवर मुक्तहस्ते ठेवल्या, त्यांना सलाम. पण काहींचा आनंद ‘माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही’ यातच असतो. निवडक मित्रांना दिवाणखान्यात बसवून ऐकवायचे, प्रत मात्र द्यायची नाही. धान्याच्या साठेबाजाविरुद्ध आपण मोर्चे काढले. या साठेबाजाला आपण रसिकाग्रणी म्हणून सत्काराची शाल देतो. फिती बुरशीने खराब होत आहेत, आणि संग्राहकाबरोबर संग्रहही संपतो.

मोकळी जागा राहिली की ती कोण भरतो, हेही पाहा. संगीताच्या व्यापारी ॲपवर राग शोधला तर झोप लागण्यासाठी राग, ताण घालविण्यासाठी राग, अभ्यासात लक्ष लागण्यासाठी राग अशा जंत्र्या पुढे येतात. ज्या गाण्यासाठी जागे राहायचे त्याची झोपेची गोळी करून विकली जात आहे! दुसरीकडे, अमुक रागाने मधुमेह बरा होतो आणि तमुक रागाने दिवे पेटत, असल्या भाकडकथा प्राचीन विज्ञानाच्या नावाने खपविल्या जातात. मुसलमान उस्तादांनी घडविलेल्या परंपरेतून त्यांची नावे पुसून तिला शुद्ध सनातन ठरविण्याचा उद्योगही त्याच दुकानात चालतो. विवेकनिष्ठ, माहितीपूर्ण मराठी विवेचन उपलब्ध नसेल तर लोक हेच ऐकतील, आणि दोष त्यांचा नसेल.

फुकट देणे म्हणजे कलावंताला फुकट राबविणे, असा अर्थ कोणी काढू नये. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातून कलावंताला मानधनाचा वाटा देण्याचे तत्त्व कायद्यात आले आहे. आकाशवाणीने खुल्या केलेल्या प्रत्येक मुद्रणामागे हयात कलावंताला वा त्याच्या वारसांना ठरावीक रक्कम द्यावी, आणि त्यात साथीदार वगळू नयेत. जुन्या कित्येक तबकड्यांवर गायकाचे नाव ठसठशीत आहे आणि तबला-सारंगी कोणाची याचा पत्ता नाही. पॉडकास्टच्या प्रत्येक भागात ती नावे शोधून जाहीरपणे घेतली गेली पाहिजेत. श्रमाची नोंद हा आपला जुना आग्रह आहे, तो येथेही लागू आहे.

तेव्हा मागणी अशी : प्रसारभारतीने मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांच्या संग्रहांतील संगीतमुद्रणांची संपूर्ण सूची प्रथम प्रसिद्ध करावी, कारण काय आहे हेच लोकांना ठाऊक नसेल तर मागायचे काय? मग दर आठवड्याला एक भाग, मराठी विवेचनासह, खुल्या यादीतून आणि विनाजाहिरात प्रसृत करावा. त्यासाठी आपल्या खासदार-आमदारांनी प्रश्न विचारावेत आणि जिल्हा समित्यांनी केंद्र संचालकांकडे निवेदने द्यावीत. आणि सरकार हलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. हक्क संपलेल्या तबकड्या आहेत, संगीत जाणणारे शिक्षक जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत, ध्वनिमुद्रणाला साधा फोन पुरतो. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या मातीतला एक कलावंत निवडावा : सांगलीकरांनी अब्दुल करीम खाँ, कोल्हापूरकरांनी अल्लादिया खाँ आणि त्यांच्या शिष्या, गोव्याच्या साथींनी मोगूबाई. तालुका कचेऱ्यांत सभेच्या ध्वनिक्षेपकाची पेटी महिन्यातले पंचवीस दिवस धूळ खात असते. तीवर आठवड्यातून एका संध्याकाळी वीस मिनिटांचा भाग लावावा, त्यानंतर जमलेल्यांना बोलू द्यावे, आणि पहिल्या दोन-तीन वेळा चारच माणसे आली तरी बैठक रद्द करू नये.